ईव्हीडी : रोजचे सॅम्पल, पिशवी आणि ओले ड्रेसिंग

प्रश्न (नवी स्टाफ नर्स) :
न्यूरो आयसीयूमध्ये माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. ईव्हीडी (मेंदूच्या पोकळीतून द्रव बाहेरच्या पिशवीत काढणारी नळी) असलेल्या रुग्णाचे सीएसएफ (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) रोज सकाळी तपासणीस पाठवावे आणि पिशवीही रोज बदलावी, असे काही वरिष्ठ सांगतात. काहींच्या मते मात्र गरज नसताना नळीला हातच लावू नये. संसर्ग टाळायचा असेल, तर यातले कोणते धरावे?

उत्तर १ (इन्चार्ज सिस्टर) :
दुसरे धरावे. रोज सॅम्पल घेतल्याने संसर्ग लवकर सापडतो असे वाटते खरे, पण बंद नळीमार्ग जितक्या वेळा उघडला जातो तितक्या वेळा त्वचेवरच्या जंतूंना थेट मेंदूच्या पोकळीपर्यंत वाट मिळते. ताप, वाढती गुंगी, मानेचा ताठरपणा किंवा गढूळ सीएसएफ दिसले आणि डॉक्टरांनी सांगितले, तरच निर्जंतुक हातमोजे व मास्क घालून, पोर्ट (नळीवरचे सॅम्पल घेण्याचे तोंड) नीट घासून व कोरडा होऊ देऊन सॅम्पल घ्यावे. पिशवी साधारण तीन चतुर्थांश भरल्यावर बदलावी. कॅथेटरही (मेंदूत बसवलेली नळी) ठरावीक दिवसांनी बदलत राहू नये, असे इन्फेक्शियस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर २ (न्यूरो आयसीयू स्टाफ) :
सिस्टरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालते, की ओल्या ड्रेसिंगकडे कधीही दुर्लक्ष करू नये. वरून आणखी गॉज ठेवून ओल झाकणे ही सर्रास दिसणारी पण घातक सवय आहे, कारण नळीच्या कडेने सीएसएफ गळत असेल तर त्याच वाटेने जंतू आत शिरतात. अशा वेळी न्यूरोसर्जनला ताबडतोब कळवावे, बहुधा टाका घ्यावा लागतो.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे, सिस्टर. रुग्णाला सीटी स्कॅनला नेताना काय काळजी घ्यावी?

उत्तर १ :
हलवण्यापूर्वी क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावावा आणि ड्रिप चेंबर (सीएसएफ थेंबाथेंबाने जमते ती नळकांडी) उभाच ठेवावा. तो आडवा झाला की वरचा हवेचा फिल्टर भिजतो आणि निचरा अडतो, मग सगळा संच बदलण्यासाठी नळी उघडणे आलेच. परतल्यावर संचावरची शून्य पातळी पुन्हा कानाच्या ट्रॅगसशी (कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा) जुळवावी, क्लॅम्प काढावा आणि थेंब पडतात का ते स्वतः पाहावे. शरीरात तासाला सुमारे २० मिली सीएसएफ तयार होत असते, त्यामुळे विसरलेला क्लॅम्प मेंदूवरचा दाब झपाट्याने वाढवू शकतो.