तांबड्या रश्शाला कुठली बीअर? (अनुभव धागा)

क्राफ्ट बीअर (छोट्या कारखान्यांत बनणारी) आता पुण्याहून ग्राउलरमधून (झाकणाच्या मोठ्या बाटलीतून) साताऱ्या-सांगलीपर्यंत येते, पण ताट आपलंच असतं. सॉसेज आणि चीजच्या जोड्या सांगणारे तक्ते इथं काय कामाचे? कशाला काय जमतं, काय फसतं आणि का, ते मापासकट लिहा. नुसतं 'भारी लागतं' नको.

सांगली
तांबड्या रश्शाला आयपीए (हॉप्स जास्त घातलेली कडू बीअर) नको. हॉप्सचा (बीअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कडूपणा तिखटाला आणखी चढवतो. शिवाय मिरची जिभेवरच्या ज्या संवेदकांना झोंबते, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे ७ टक्क्यांची बीअर म्हणजे आगीत तेल. बर्फागत गार असली तर क्षणभर बरं वाटतं, गारवा उतरला की पुन्हा जाळ.

त्यापेक्षा हेफेवायझन (गव्हाची जर्मन बीअर) घ्या. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, कडूपणा १० ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), तोंडात मऊ लागते. तिचा केळ्या-लवंगेचा वास यीस्टचा असतो, वरून काही घातलेलं नसतं. लवंग आपल्या मसाल्यातही असतेच, म्हणून सूर जुळतो. ग्लास तिरका धरून ओता. तळाला दोन बोटं उरली की बाटली गोल फिरवून गाळासकट ओता. तो गाळ यीस्टचा आहे, बीअर नासलेली नाही.

पांढऱ्या रश्शाला विटबीअर (गव्हाचीच, पण बेल्जियन). तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, आणि फेसाळपणा नारळाच्या दुधाचा तुपकटपणा कापतो.

कराड
आयपीएला सरसकट बाद करू नका. सुक्या मटणाला चालते, पण दोन अटी: कांदा-लसूण चटणी हात राखून घातलेली हवी आणि मटणात चरबी हवी. चरबीचा थर कडूपणानं धुऊन निघतो. ४० आयबीयूच्या वर मात्र जाऊ नका. मिठानं कडूपणा दबतो, म्हणून खारट भडंगालाही पेल एल (आयपीएहून सौम्य) बसते.

कृष्णाकाठच्या भरल्या वांग्यांना ब्राउन एल (तपकिरी, कमी कडू). भाजलेलं शेंगदाण्याचं कूट आणि भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), दोन्हीचा खमंगपणा एका जातीचा. गूळ चिमटीभरच घाला, जास्त झाला तर बीअर पाणचट लागते. अख्ख्या मसुरालाही हीच.

वाई
कंदी पेढ्याला स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बीअर), एवढं सगळेच सांगतात. कुठली, ते कुणी सांगत नाही. कोरडी स्टाउट गोडापुढं राखेसारखी लागते, कारण बीअर पदार्थापेक्षा कमी गोड असली की तिचा करपटपणाच तेवढा उरतो. मिल्क स्टाउट घ्या. तिच्यातली लॅक्टोज साखर यीस्टला पचत नाही, म्हणून गोडी टिकते. बाटली फ्रिजमधून २० मिनिटं आधी काढा; १० ते १२ अंशांना कॉफी-चॉकलेटचा वास उघडतो. माणशी एक पेढा, १०० मिली स्टाउट. दुसरा पेढा घेतला की जीभ थकते.

स्ट्रॉबेरीला विटबीअर बरी. क्रीम नको.

मिरज
फेस लगेच बसतो म्हणून बीअरला नावं ठेवण्याआधी ग्लास बघा. तेलाचा अंश फेस मारतो, साबणाचाही. भडंग खाल्लेली बोटं आणि ओठ हेही त्यातच आले. ग्लास ओला करून आत मीठ भुरभुरा: सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, मोकळे पट्टे दिसले तर पुन्हा धुवा. फडक्यानं पुसू नका, उपडा वाळवा.

सातारा
ग्राउलर गळ्यापर्यंत भरून घ्या, वर हवा राहिली की चव लवकर मरते. पुणे ते सातारा ११० किलोमीटर. बर्फाच्या पेटीत, उभा. एप्रिलात डिकीत नुसता ठेवला तर झाकण उघडताच निम्मी बीअर ओट्यावर. घरी आल्यावर तासभर फ्रिजमध्ये निवू द्या. उघडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात ठेवू नका. उजेडानं हॉप्समधला कडू घटक फुटतो आणि कुबट वास येतो.

सांगली
माप राहिलं होतं. चौघांत ६५० मिलीची एक बाटली, प्रत्येकी १५० मिली. हलकीपासून जडीकडं जा, स्टाउट शेवटी. आणि खर्ड्याला कुठलीच बीअर शोधू नका. त्याला भाकरी आणि घट्ट दही.