कराडजवळ लग्नात दिसलेला नाकाडवाला तीनचाकी टेम्पो, नेमकी कुठली गाडी आहे ही?

वाटसरू_वाई

मंडळी नमस्कार. गेल्या रविवारी कराडजवळ एका लग्नाला गेलो होतो, मंगल कार्यालयाच्या गेटबाहेर एक तीनचाकी मालगाडी उभी होती आणि खरं सांगतो, अक्षता पडेपर्यंत मी आतच गेलो नाही, बायकोने दोनदा फोन केला तरी तिथेच उभा. पुढे एकच चाक, त्याच्यावर लांब फुगीर नाकाड, नाकाडाच्या दोन्ही बाजूला एकेक हेडलाइट, मग बंद केबिन, दोन दारं, आत गोल स्टिअरिंग (रिक्षासारखं हँडल नाही!), आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. खाली गडद हिरवा आणि वर साय रंगाचा. दारावर ब्रशने हाताने लिहिलेलं "सोडा – लेमन – बर्फ".

गाडी नवरदेवाच्या मामांची. त्यांच्या वडिलांचा सोडा-बर्फाचा धंदा होता, त्यातलीच ही. पण मामा वऱ्हाडात अडकलेले, दोन मिनिटं बोलले फक्त. "टेम्पो आहे" एवढंच म्हणाले. आता टेम्पो तर आपण छोटा हत्तीला पण म्हणतो आणि ४०७ ला पण. शेजारी उभे असलेले एकजण छातीठोक सांगत होते की ही लँब्रेटाची आहे, दुसरे म्हणाले बजाजची जुनी मालरिक्षा, तिसरे म्हणाले बाहेरून आणलेली आहे, आपल्याकडे असं काही बनतच नव्हतं. पाच फोटो जोडलेत. कोणाला ओळखू येतेय का? आणि काम कसं झालंय तेही सांगा, मला तर फार आवडलं पण मला त्यातलं कळत नाही.

---

स्पॅनर_१३

दादा, टेम्पो हॅन्सीट. फोटो उघडायच्या आधीच "नाकाड" शब्द वाचून ओळखली.

मामा बरोबर बोलले बघा, ते गाडीचा प्रकार सांगत नव्हते, गाडीचं नाव सांगत होते. टेम्पो हा ब्रँड आहे. जर्मनीत हँबुर्ग-हारबुर्गला विडाल अँड सोन नावाची कंपनी होती, तिच्या गाड्या टेम्पो नावाने विकल्या जायच्या. त्यांची ही तीनचाकी १९४९ ला निघाली आणि तिकडे १९५६ पर्यंत चालली. आपल्याकडे १९५८ ला बजाज टेम्पो सुरू झाली, न. के. फिरोदियांनी उभी केली, तेच नगरचे फिरोदिया ज्यांचा ऑटोरिक्षा भारतात आणण्यात पण मोठा हात होता. सुरुवातीचं उत्पादन मुंबईत गोरेगावला, मग १९६४ ला आकुर्डीला कारखाना आला. तिकडे जर्मनीत बंद पडलेली गाडी इकडे पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली आणि इतकी चालली की लोकांनी मालाच्या प्रत्येक छोट्या गाडीला टेम्पोच म्हणायला सुरुवात केली. डालडाचं झालं तसंच.

आता लँब्रेटा का नाही ते. लँब्रोचं (लँब्रेटाची तीनचाकी) इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली आणि ताकद जाते मागच्या चाकांना. बजाजच्या मालरिक्षाला असं नाकाडच नाही. दोन्हीला हँडल. हॅन्सीटचं सगळंच पुढे, त्या नाकाडात इंजिन, आणि खेचतं कोण तर पुढचं एकटं चाक. इंजिन ४०० सीसीच्या आसपासचं, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, आणि चाकाला चेन. म्हणून नाकाड एवढं मोठं, ते शोभेला नाही. परत भेट झाली तर वाकून पुढच्या चाकाजवळ चेन दिसते का बघा, आणि चासीवरची प्लेट वाचा. मुंबई लिहिलं असेल तर फारच जुनी, पुणे असेल तर आकुर्डीची.

---

भवानीपेठेतला

स्पॅनर भाऊंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त आठवण सांगतो कारण फोटो बघून पोटात कालवलं.

आमच्या वडिलांकडे हीच गाडी होती. भवानी पेठेत भुसाराची पोती, गुळाच्या ढेपा, उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या. पहाटे साडेचारला गाडी सुरू व्हायची आणि अख्ख्या वाड्याला कळायचं. त्या टू-स्ट्रोकचा आवाज सांगून कळणार नाही, रिकाम्या डब्यात खडे टाकून कोणी जोरजोरात हलवावा तसा, आणि निळा धूर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागायचं ना, ते माप वडील कोणाला करू द्यायचे नाहीत. मी सातवीत गेल्यावर मला पहिल्यांदा करू दिलं तेव्हा मुंज झाल्यासारखं वाटलं होतं. केबिनमध्ये इंजिन अगदी पायापुढे, त्यामुळे थंडीत राजासारखं आणि मे महिन्यात भट्टी, वडील मांडीवर ओलं पोतं घेऊन बसायचे.

एक गोष्ट ज्यांनी चालवली त्यांनाच ठाऊक. खेचणारं चाक पुढे आणि माल मागे. हौद्यात माल पार मागे फाळक्याला टेकवून भरला की पुढचं चाक हलकं व्हायचं आणि चढावर जागेवरच फिरायचं, पावसात तर हमखास. म्हणून जड पोती केबिनला चिकटून पुढे लावायची आणि तरी चढेना तर हमालाला नाकाडाशेजारी उभं करायचं. आणि वळणावर ब्रेक मारायचा नाही, हे वडिलांनी मला शंभरदा सांगितलं असेल. एकदा त्यांनी स्वतःच मारला, समोर सायकलवाला आला म्हणून. गाडी अलगद कुशीवर झोपली, बर्फाच्या लाद्या भुशासकट रस्त्यावर, वडिलांना कोपराला खरचटलं तेवढंच. चार माणसांनी उचलून उभी केली आणि पुढच्या दहा मिनिटांत ती चालू होऊन निघाली पण. अर्धा बर्फ गेला, गिऱ्हाईकाला निम्मेच पैसे लावले.

१९८६ ला विकली. भंगारवाल्याने नेली तेव्हा वडील घरात नव्हते, मुद्दाम बाहेर गेले होते. मामांना माझा नमस्कार सांगा. फार मोठं काम केलंय त्यांनी.

---

डेंटिंग_पेंटिंग_सांगली

मी कामाबद्दल बोलतो, माझा तोच धंदा आहे, २२ वर्षं झाली.

तिसरा फोटो मोठा करून बघा, नाकाडाचा वरचा गोल. तिथे उजेडाची रेघ पडलीय ती कुठेही लचकत नाही, सरळ वाहत जाते. असा दोन्हीकडून फिरणारा गोल पत्रा हाताने ठोकून आणणं हे सगळ्यात अवघड, आणि बहुतेक जण काय करतात तर अर्धा इंच लांबी (पुट्टी) थापतात, घासतात, रंग मारतात, दोन पावसाळ्यात तडकून खपली निघते. इथे मडगार्डची कड बघा, कड बारीक राहिलीय, लांबी थापली असती तर कड जाड दिसली असती. म्हणजे पत्रा खरोखर ठोकून आणलाय. ज्या कोणी मिस्त्रीने केलंय त्याच्या हाताला सलाम.

दुसरं, दारावरची अक्षरं. आता सगळे रेडियमवाल्याकडे जातात, कॉम्प्युटरवर कापलेली अक्षरं चिकटवतात. हे ब्रशचं काम आहे, "लेमन" मधल्या "ल" ची गाठ आणि "बर्फ" मधल्या "फ" ची गाठ बघा, दोन्हीत किंचित फरक आहे, तो हाताचाच असतो. अक्षराला खालून सावली पण दिलीय. असे पेंटर आता जिल्ह्यात शोधून दोन-तीन मिळतील.

खटकलं ते पण सांगतो, राग नको. पुढचा बंपर आणि आरशाच्या काड्या क्रोम केल्यात. माल वाहणाऱ्या गाडीला एवढी चकाकी शोभत नाही, रंगवलेलाच बरा दिसला असता. आणि हौद्याच्या फळ्यांना चकचकीत पॉलिश आहे, त्यापेक्षा नुसतं तेलपाणी केलं असतं तर लाकूड खरं वाटलं असतं. पण ही माझी आवड. गाडी ९५ टक्के जशी हवी तशी आहे.

---

हारबुर्ग_ते_आकुर्डी

थोडी भर घालतो, कारण या गाडीमागची साखळी मला नेहमी थक्क करते.

गाडीचं मूळ जर्मन नाव हानझेआट, म्हणजे हान्सा शहरातला माणूस. मध्ययुगात उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा संघ होता तो हान्सा, हँबुर्ग त्यातलंच. म्हणजे माल वाहणाऱ्या गाडीला व्यापाऱ्याचं नाव, किती चपखल. आपल्याकडे त्याचं हॅन्सीट झालं. लखनौकडे या गाडीत माणसं बसवायचे आणि तिला गणेश म्हणायचे, पुढून बघितलं की सोंडच दिसते म्हणून.

याच विडाल कंपनीची चारचाकी व्हॅन होती मॅटाडोर. ती पण आकुर्डीत आली आणि तिचं आपण मेटाडोर केलं. टेम्पो आणि मेटाडोर, मराठीत रोज वापरले जाणारे दोन शब्द, लग्नाचं वऱ्हाड न्यायला, घर बदलायला, गणपती आणायला, आणि दोन्ही हँबुर्गच्या एकाच कारखान्यातून आलेले! पुढे तिकडे विडालची कंपनी हानोमागने घेतली आणि हानोमागचा गाड्यांचा धंदा डाइमलर-बेंझकडे गेला. इकडे बजाज टेम्पोने १९८७ ला टेम्पो ट्रॅव्हलर काढली ती मर्सिडीजच्याच व्हॅनवर बेतलेली. तिकडे टेम्पो नाव पुसलं गेलं, इकडे मर्सिडीजच्या व्हॅनवर टेम्पो लिहिलं गेलं. २००५ ला कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, तरी शिर्डीला जाताना आपण "टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली" असंच म्हणतो.

---

आरसी_बुक

मामांना एक निरोप द्या, महत्त्वाचा आहे.

२०२१ ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात "व्हीए" अक्षरं. पण व्याख्येत दुचाकी आणि खाजगी चारचाकी प्रवासी गाड्याच आहेत. मालाची तीनचाकी त्यात बसत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण राजेरजवाड्यांच्या मोटारी जपायला माणसं आहेत, पण ज्या गाड्यांनी गावोगाव बर्फ, भाजी, सिलिंडर पोचवले त्या भंगारात गेल्या आणि जी एखादी उरलीय तिला कायद्यात कोपरा नाही.

म्हणून जुनं आरसी बुक जिवापाड जपा. नंबर १९८९ च्या आधीचा असेल तर एमएच नसणार, एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असतील, ती प्लेट तशीच ठेवा. आणि लग्नाबिग्नाला न्यायची तर दुसऱ्या गाडीवर चढवून न्या, रस्त्यावर अडवलं तर कागदांवरून त्रास होईल.

---

वाटसरू_वाई

मंडळी, काल मुद्दाम कराडला जाऊन आलो. तुमचे सगळे रिप्लाय मामांना वाचून दाखवले, भवानी पेठेतल्या काकांचा वाचताना ते उठून आत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

चेन आहे! टॉर्च मारून बघितली. प्लेटवर पुणे लिहिलंय, म्हणजे आकुर्डीची. आरसी बुकात पहिली नोंद १९६८ ची, नंबर तीन अक्षरी, एम पासूनच. गाडी लग्नाला दुसऱ्या टेम्पोत चढवूनच आणली होती, त्यामुळे आरसी बुकवाले निश्चिंत राहा.

गाडी १९ वर्षं गोठ्यात पडून होती, हौद्यात कडबा भरलेला. इंजिन जाम. मामा पिस्टन घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेले, तिथल्या एका म्हाताऱ्या टर्नरने नुसता हातात घेऊन सांगितलं "टेम्पोचा ना?" आणि बोअरिंग करून दिलं. बाकी सामान नाना पेठेत आणि जुन्या बाजारात रविवार-रविवार हिंडून गोळा केलं. पत्र्याचं काम इस्लामपूरच्या एका मिस्त्रीने केलं, आठ महिने लागले. सांगलीवाले भाऊ, बंपरचं मामांना पटलं, म्हणाले क्रोम मुलाच्या हट्टाने केलं, आता काढून घेतो.

आणि एक गोष्ट फोटोत आली नव्हती. फाळक्याची आतली बाजू त्यांनी रंगवलेलीच नाही. तिथे वडिलांनी खिळ्याने रेघा ओढून उधारीचा हिशोब ठेवला होता, पाच-पाचच्या जुड्या, तीन दुकानांचा. तो तसाच ठेवून वर फक्त तेलाचा हात दिलाय.

एकच अडचण राहिलीय, नाकाडाचं झाकण बंद करायची मूळ कडी मिळत नाही, सध्या दाराची कडी लावून चालवलंय. कोणाकडे आहे का?

---

स्पॅनर_१३

माझ्याकडे एक आहे, १२ वर्षांपूर्वी जुन्या बाजारात घेतलेली, गाडी मिळालीच नाही कधी. जिथे कडी बसते तिथल्या दोन भोकांमधलं अंतर मोजून पाठवा, जुळलं तर कुरिअर करतो. पैसे नकोत, बसवल्यावर फोटो टाका.