गतिमान ॲरे की ऐनवेळच्या मापाचा ॲरे?

प्रश्न:
सी या प्रोग्रामिंग भाषेची मराठी टिपणं काढतोय. 'डायनॅमिक टू-डी ॲरे'साठी 'गतिमान द्विमितीय ॲरे' लिहिलं, तर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यात गती कुठे आहे?" शंका रास्त आहे. ॲरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची रांग), पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तसेच ठेवतोय, मिती शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीची. अडलंय ते 'डायनॅमिक'पाशी.

प्रतिसाद:
'गतिमान' काढूनच टाका. ओळी-रकाने किती, हे प्रोग्राम लिहिताना ठाऊक नसतं, तो चालताना कळतं, एवढाच त्याचा अर्थ. मी वर्गात 'ऐनवेळच्या मापाचा ॲरे' म्हणते. शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा अंगावर वाढत नाही. मॅलॉकने (मेमरीत जागा मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेली जागाही आपोआप वाढत नाही, रिॲलॉक करावं (नव्या मापाची जागा मागावी) लागतं.

दुसरा प्रतिसाद:
छान शब्द. 'चल लांबीचा ॲरे' (व्हेरिएबल लेंग्थ ॲरे) हाही असाच चकवतो. सीच्या १९९९च्या स्टँडर्डने तो आणला, २०११च्या स्टँडर्डने ऐच्छिक केला. मुलांना वाटतं, माप देणारा एन बदलला की ॲरेही बदलेल. ॲरे घोषित करताना एन ५ असेल तर तो पाचाचाच. पुढे एन १० केला तरी काही फरक पडत नाही.

पण माझं खरं भांडण 'द्विमितीय'शी आहे. इंट स्टार स्टार (पॉइंटरकडे नेणारा पॉइंटर) घेऊन प्रत्येक ओळीला वेगळं मॅलॉक केलं, की त्यालाही आपण सर्रास द्विमितीय ॲरे म्हणतो. तो पत्त्यांचा ॲरे असतो! या नावापायी मी एकदा फसलोय. ३ ओळी, ४ रकाने, इंट ४ बाइटचा, म्हणून ४८ बाइट एका दमात एफराइटने फाइलीत लिहिले. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. फाइल उघडली तर पहिल्या २४ बाइटांत प्रत्येकी ८ बाइटचे तीन पॉइंटर आणि पुढे कचरा. आकडे मेमरीत भलतीकडेच राहिले होते.

प्रश्नकर्ता:
मग दोघांना वेगळी नावं हवीत. 'सलग' आणि 'ओळवार' चालेल?

दुसरा प्रतिसाद:
'सलग' उत्तम. 'ओळवार' नको, कारण सीमध्ये सलग ॲरेही ओळीमागून ओळ असाच मांडलेला असतो; ओळीचा क्रमांक आय गुणिले एकूण रकाने अधिक रकान्याचा क्रमांक जे, हे गणित त्यामुळेच जमतं. दुसऱ्याला सरळ 'पत्त्यांचा ॲरे' म्हणा. फ्री (घेतलेली जागा परत देणं) किती वेळा करायचं, तेही नावातूनच सुचतं: आधी ओळींचे ३, मग पत्त्यांचा १. सलग असेल तर एकदाच.

प्रश्नकर्ता:
पटलं. टिपणात 'ऐनवेळच्या मापाचा सलग ॲरे' करतोय, आणि तुमचा ४८ बाइटांचा दाखला त्याखालीच घालतोय.