लग्नसराईच्या तोंडावर प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलावा का?

कोयनाकाठ
कराडला माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. मशीन २०१७ च्या दिवाळीत जुळवून घेतलेलं: इंटेल आय५ ७४००, बी२५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. एसएसडी नंतर टाकली. इतकी वर्षं या मशीनवर घर चाललं. मागच्या हंगामात आमच्या कॅमेरामनने नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र अडकत अडकत चालतं. त्यात विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही.

दुकानदाराने आय५ १२४०० आणि डीडीआर४ घेणारा बी७६० बोर्ड मिळून २४,००० सांगितले. रॅम, कार्ड, कॅबिनेट तेच राहील. माझा कल बदलण्याकडे आहे, पण हंगामाचे पैसे अजून हातात आलेले नाहीत. म्हणून विरोधातलं मत आधी ऐकायचं आहे.

लोहगड
मग माझंच ऐका. बदलू नका, निदान या हंगामात तरी नको. अडकतंय ते फक्त टाइमलाइनवर ना? प्रॉक्सी करा. रात्री सगळ्या क्लिपांच्या हलक्या प्रती करायला लावायच्या, एडिट त्यांच्यावर करायचं, एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फायली उचलतं. खर्च काही नाही. मी स्वतः याहून जुन्या मशीनवर असंच काम करतो आणि एकही पार्टी परत गेलेली नाही.

विंडोज १० चं म्हणाल तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, नाव नोंदवावं लागतं एवढंच. एक हंगाम निघतो. २४,००० हातात धरून ठेवा.

सदाफुली
लोहगड, प्रॉक्सी फुकट नसते, तिची किंमत वेळेत जाते. दोन कॅमेऱ्यांचं दिवसभराचं लग्न म्हणजे सहा-सात तासांचं फुटेज. चार कोअर आणि चारच थ्रेडचा प्रोसेसर त्याच्या प्रती करायला रात्र घेईल, आणि ज्या फायली त्याला वाचायला जड जातात त्याच त्याला रात्रभर वाचायला लावणार आहोत. आजकाल पाठवणी व्हायच्या आत नवरीची मावशी विचारते, "रील कधी टाकताय?" तिला उद्या सकाळी सांगता येत नाही. मी सांगलीत हेच काम करते. दोन वर्षांपूर्वी बदल केला नसता तर निम्मी कामं दुसऱ्याकडे गेली असती. हे मी मनापासून सांगतेय.

कळसूत्र
बदला किंवा बदलू नका, त्याआधी एक गोष्ट बघा. नवा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये शूट करतो का? हे आकडे म्हणजे रंगाची माहिती किती बारीक ठेवली त्याचं माप, ४:२:० मध्ये ती कमी असते. क्लिपच्या माहितीत दिसेल.

विचारायचं कारण असं. व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरच्या कोअरवर पडू नये म्हणून ग्राफिक्समध्ये वेगळा भाग असतो. तुमचं १०५० टीआय कार्ड आणि ७४०० मधलं ग्राफिक्स, दोघंही १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) उलगडतात, पण ४:२:० असेल तरच. ४:२:२ आलं की दोघंही बाजूला होतात आणि सगळा भार त्या चार कोअरवर येतो. तुमचं कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने ४:२:२ उलगडायची सोय आणली ती कार्डांच्या ५० मालिकेत, २०२५ मध्ये. म्हणजे कुणी मधलं एखादं कार्ड गळ्यात मारत असेल तर त्याने हा त्रास जाणार नाही. इंटेलच्या १२४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये मात्र ती सोय आहे.

म्हणून दुकानात गेलात तर खोक्यावर "१२४०० एफ" नाही ना, हे स्वतः वाचा. एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं. तुमच्या कामाला जे हवं तेच नेमकं गेलेलं असेल.

रानजाई
सगळे १२४०० धरून बसलात, पण तो २०२२ चा प्रोसेसर आहे आणि त्याच्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आता नवं काही येणार नाही. इंटेलने २०२४ मध्येच सॉकेट बदललं. एएमडीचं एएम४ सॉकेट आठवा. २०१७ चा बोर्ड घेतलेल्या कितीतरी लोकांनी पुढे बायोस अपडेट करून त्यावरच ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवले. त्याच्यानंतरच्या एएम५ ला किमान २०२७ पर्यंत साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. आज त्यावरचा रायझन ५ ७६०० घ्या, चार वर्षांनी बोर्ड न उघडता प्रोसेसर बदला. कोयनाकाठ, तुमची आजची अडचणही तीच आहे ना? बी२५० बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालला असता, तर ही वेळच आली नसती. सॉकेट तेच ठेवून इंटेलने नवा चिपसेट मागितला होता.

कळसूत्र
शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं, तो राग मलाही आहे. पण एएम५ ला डीडीआर५ च लागते. डेटा सेंटरची मागणी वाढल्यापासून रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी कुठल्या कुठे गेले. यांच्याकडे चालणारी १६ जीबी डीडीआर४ आहे, ती काढून फेकायची आणि आजच्या भावाने नवी घ्यायची? शिवाय ७६०० मधलं ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही. खेळासाठी मशीन असतं तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

लोहगड
वापरलेला आय७ ७७०० कुणी सुचवला नाही. याच बोर्डात बसतो, आठ थ्रेड मिळतात.

सदाफुली
बसतो, पण विंडोज ११ ला तोही चालत नाही, आणि ४:२:२ चं दुखणं तसंच. वापरलेल्या मालाला पैसे घालून आज आहे तिथेच राहायचं.

कोयनाकाठ
काल रात्री तपासलं. क्लिप १० बिट ४:२:२ एचईव्हीसी आहे. ती चालवताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के आणि ग्राफिक्सचं व्हिडिओ डिकोड शून्य. तीच क्लिप ४:२:० करून घेतली तर लोण्यासारखी चालते. आठ महिने मी रॅमला दोष देत होतो.

लोहगड
मग निदान कॅमेरामनला ४:२:० वर शूट करायला सांगा. मेन्यूतली एक निवड आहे. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल सांभाळायला १० बिट पुरतं.

कोयनाकाठ
त्याला फोन केला. पौषाआधीच्या दोन कामांपुरता तयार आहे, पुढे नाही. त्याचंही बरोबर आहे, बागेतल्या लग्नांना क्रोमा पडदा लावून तो जोडप्याचे शॉट घेतो, तिथे ४:२:२ चा फरक मला डोळ्यांनी दिसतो. म्हणून ठरवतोय: पौषात मुहूर्त नाहीत, तेव्हा १२४०० (एफ नाही) आणि डीडीआर४ चा बोर्ड. दोन कामांचे पैसे त्याच्या आत येतील.

लोहगड
माझं मत अजून थांबावं असंच आहे. पण करताच आहात तर आठ वर्षांच्या एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) नवा बोर्ड लावू नका. माझा एक बोर्ड तसाच गेला, सोबत हार्ड डिस्क घेऊन. वॅट पुरतात, पण आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. जुना कूलरही या सॉकेटला बसणार नाही, नव्या प्रोसेसरच्या खोक्यातला वापरा. आणि विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे का ते बोर्ड काढायच्या आधी बघा, मशीनसोबत आलेलं लायसन्स बहुधा जुन्या बोर्डालाच बांधलेलं असतं.

कोयनाकाठ
एसएमपीएसचे पैसे धरले नव्हते. दुकानदाराला आजच नवा हिशोब विचारतो.