पाठातला बाण एकेरीच का?

रानपाखरू:
बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर तीच आकृती: डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीरातली पहारेकरी पेशी, जंतूचा तुकडा दाखवते, जंतूशी लढणारी टी पेशी जागी होते, बाण संपला. हा एकेरी बाण मला खटकतो. जागी झालेली टी पेशी गप्प बसत नाही. तिच्यावर उगवलेलं सीडी४० लिगँड हे प्रथिन डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी४० या जोडीदार प्रथिनाला भिडतं, मग डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ हे निरोप्या प्रथिन सोडते. त्याने टी पेशीतून गॅमा इंटरफेरॉन हे दुसरं निरोप्या प्रथिन येतं आणि त्याच्या जोरावर इंटरल्यूकिन-१२ आणखी वाढतं. हे शिकवायला नको?

सूक्ष्मदर्शी:
ताई, असहमत. सुरुवात डेंड्रायटिक पेशीचीच. जंतूची खूण न पटता तिने तुकडा दाखवला, तर टी पेशी उलट थंडावते. शरीर स्वतःवर उलटत नाही त्यामागे हेही एक कारण. स्टाइनमन आणि कोन यांनी १९७३ मध्ये ही पेशी दाखवून दिली, २०११ चं नोबेल स्टाइनमनना मिळालं. पोरांना आधी क्रम कळू दे.

उंबरठा:
मी बालरोगतज्ज्ञ. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतो, काही आठवड्यांनी तिथे पुळी येते. एखाद्याच्या काखेत गाठ येते, बहुतेक वेळा ती आपोआप जिरते. पण ज्या मोजक्या बाळांत इंटरल्यूकिन-१२ ओळखणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) जन्मतःच सदोष असतो, त्यांच्यात लशीतला दुबळा जंतूसुद्धा अंगभर पसरू शकतो. तुकडा दाखवून झालेला असतो, निरोप मात्र पोचत नाही. सूक्ष्मदर्शी, हे मूल तुमच्या क्रमात कुठे बसवायचं?

सूक्ष्मदर्शी:
डॉक्टर, हा मुद्दा मान्य. पण म्हणून सायटोकाइनना, म्हणजे या निरोप्या प्रथिनांनाच, सगळं श्रेय नको. १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या चाचणीत इंटरल्यूकिन-१२ शिरेतून दिलं. १७ पैकी १२ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, दोघे दगावले.

रानपाखरू:
माझं म्हणणं तेच आहे! शिरेतून दिलं की ते अंगभर जातं. इथे दोन पेशी एकमेकींना बिलगून, लागेल तेवढंच देतात. २०१८ चा उंदरांवरचा अभ्यास बघा: टी पेशीवरचा पीडी-१ हा ब्रेक रोखणारं औषध तिला मोकळं करतं, तिच्या गॅमा इंटरफेरॉनने कर्करोगाच्या गाठीतली डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ करू लागते. हे इंटरल्यूकिन-१२ अडवलं, तर औषध चालत नाही.

सूक्ष्मदर्शी:
त्या टी पेशीलाही आधी कुणीतरी तुकडा दाखवलेला असतोच. क्रमावर मी ठाम आहे. परतीचा बाण मात्र काढा, फक्त दुसऱ्या रंगाच्या खडूने.