तरसाला फुकटखाऊ म्हणू नका

कुणी कुणी म्हणतं, आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस सिंहाचं उष्टं खाऊन जगतो. हे मला मुळीच पटत नाही. टांझानियातल्या गोरोंगोरो विवरात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1960च्या दशकात रात्र-रात्र जागून पाहिलं, तेव्हा उलटंच दिसलं. अंधारात वाइल्डबीस्ट (कुरंगांतलं मोठं आफ्रिकी जनावर) पाडायचे तरस, आणि त्यांचा कालवा ऐकून सिंह येऊन शिकार बळकवायचे. सकाळी पर्यटकांना दिसायचा रक्ताळल्या तोंडाचा सिंह आणि भोवती ताटकळलेले तरस! सिंहांची गणती करतानाही तरसांचे ध्वनिमुद्रित आवाज लावतात, सिंह तिकडे येतात. अर्थात तरसही संधी सोडत नाहीत. सिंहिणी थोड्या असल्या आणि आयाळवाला जवळ नसला, तर कळप त्यांना हुसकावतो. खरे हाल चित्त्याचे, त्यानं मारलेली शिकार दोघंही पळवतात आणि तो बिचारा भांडतच नाही.