मदत हवी आहे : १० मीटर एअर रायफलसाठी पहिली, परवडणारी रायफल कोणती घ्यावी?

१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धांसाठी पहिली स्वतःची रायफल घ्यायची आहे. नेमबाज मुलगी, वय १५, उंची १५६ सेंमी, वजन ४६ किलो, उजव्या हाताची. आजवरचा सराव क्लबच्या रायफलवर झाला. बजेट वरच्या श्रेणीतल्या नव्या रायफलच्या साधारण निम्मं, आणि जॅकेटही त्यातच बसवायचं आहे. चार पर्याय दिसतात :

१) हॅमर्ली एआर२०, नवी
२) फाइनवेर्कबाउ ६०३, वापरलेली
३) वाल्थर एलजी३००, वापरलेली, किंमत संशय यावा इतकी कमी
४) नळी खाली दुमडून भरायची स्प्रिंगची रायफल, दुर्बिणीसकट, सगळ्यांत स्वस्त

कोणती घ्यावी? वापरलेली घ्यायची तर काय तपासावं?

प्रतिसाद १

चौथी यादीतून काढून टाका. या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. पुढे रिंग आणि मागे डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची साइट), एवढंच. शिवाय साध्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे आदळतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी पकड जराही बदलली की छर्रा वेगळीकडे जातो. नवशिक्याला चूक आपली की रायफलची, हे कधीच कळत नाही. (जुन्या फाइनवेर्कबाउ ३००एससारख्या धक्का गिळणाऱ्या मॅच रायफलींना हे लागू नाही. त्या स्प्रिंगच्याच, पण वेगळी जात.)

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांतलं खरेदीपुरतं : कॅलिबर ४.५ मि.मी., रायफल साइट्ससकट जास्तीत जास्त ५.५ किलो, सेट ट्रिगर (आधी ताणून ठेवायचा, मग नुसत्या स्पर्शाने सुटणारा) नाही, आणि दस्त्याला अंगठा घालायचं भोक नको. हे भोकाचं बरेच जण विसरतात आणि देखणा स्पोर्टिंग दस्ता घेऊन येतात.

आता अचूकता किती पुरे? टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी. व्यासाचा. दशांश गुणांत अगदी मध्यावर १०.९, आणि छर्रा केंद्रापासून दर ०.२५ मि.मी. सरकला की ०.१ गुण जातो, म्हणजे १ मि.मी.ला ०.४. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे निदान पाच गट मारा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गट ७ मि.मी.च्या आत आला, तर छर्ऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर झालं २.५ मि.मी. असा गट मध्यावर बसला, तर सगळ्यात वाईट छर्राही १०.४-१०.५ च्या आसपास पडतो. पहिली काही वर्षं रायफल आड येणार नाही. एकाच गटावर विश्वास ठेवू नका, आणि ४.४९, ४.५० आणि ४.५१ हे तीनही हेड साइज (छर्ऱ्याच्या तोंडाचा व्यास, मि.मी.मध्ये) मारून पाहा. चपट्या तोंडाचे, साधारण ०.५३ ग्रॅमचे मॅच छर्रेच वापरा. "ही रायफल मारत नाही" म्हणून विकायला काढलेल्या रायफलींपैकी काहींना फक्त छर्रा मानवलेला नसतो.

प्रतिसाद २

तिसऱ्या पर्यायाची किंमत का कमी आहे ते सिलिंडर बघितल्यावर कळेल. एलजी३०० दाबलेल्या हवेवर चालते. अशा सिलिंडरना बहुतेक कंपन्या उत्पादनापासून १० वर्षांची मुदत देतात आणि तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. स्पर्धेत मुदत सांभाळण्याची जबाबदारी नेमबाजाची. विकणारा "अजून छान चालतो" म्हणेल. चालत असेलही, पण उपकरण तपासणीत तो युक्तिवाद कामाचा नाही. म्हणून नव्या सिलिंडरची किंमत रायफलच्या किमतीत मिळवूनच तुलना करा. त्या मॉडेलचा सिलिंडर अजून मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

तपासताना :

सिलिंडर २०० बारपर्यंत भरून मॅनोमीटरचा (दाबमापकाचा) आकडा टिपा आणि २४ तासांनी, त्याच तापमानाला, पुन्हा बघा. भरल्याबरोबर हवा गरम असते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरतो. ती गळती नव्हे. त्यानंतरही उतरत राहिला तर ओ-रिंग (रबरी सील) किंवा झडप गेली आहे. ओ-रिंग बदलणं किरकोळ काम आहे, झडपेला कारागीर लागतो.

क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर रायफल दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मग दहा छर्रे मारा. पहिलाच छर्रा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगवान निघाला, तर रेग्युलेटरमधून (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणाऱ्या भागातून) हवा झिरपते आहे. साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेग धरला, तर वेगातल्या ५ मीटर प्रति सेकंदाच्या फरकाने छर्रा जवळजवळ १ मि.मी. वर-खाली होतो. वर आलेला हिशेब लावा : ०.४ गुण.

नळीच्या वयाची चिंता नको. मऊ शिसं आणि हा वेग, नळी झिजत नाही. बिघडतं ते तोंड, धातूच्या सळीने साफ करून करून. भिंगातून बघा, कडेला ओरखडा दिसला तर सोडून द्या. आणि हवेच्या रायफलीत खनिज तेल कुणी घातलं असेल तर त्या रायफलीपासून लांब राहा. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन तर कधीच नाही, फक्त कोरडी हवा.

प्रतिसाद ३

६०३ बद्दल कुणी बोललं नाही. ती बाजूचा दांडा ओढून एका दमात हवा भरते. सिलिंडर नाही, मुदत नाही, भरायची टाकी नाही. पैशाच्या हिशेबात ती तिन्हींत उजवी आहे, आणि सील बदललेले असतील तर अचूकताही आजच्या कामाची.

अडचण तुमच्या नेमबाजाची आहे. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत, त्याआधीचे सरावाचे धरून दांडा ८०-९० वेळा ओढायचा. ४६ किलोच्या मुलीचा उजवा खांदा चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर बोलायला लागतो, आणि थकलेला खांदा पहिल्यांदा ट्रिगरच्या बोटात दिसतो. मोठ्या माणसासाठी मी डोळे मिटून ६०३ सांगितली असती.

तिच्यासाठी एआर२०. वजनाला हलकी, अॅल्युमिनियमचा दस्ता, लांबी आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) कमी-जास्त करता येतात. वजन नंतर वाढवता येतं, जड रायफल हलकी करता येत नाही. फक्त विकत घेण्याआधी उभं राहून हे बघा : डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मान सरळ, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. डायॉप्टरच्या मध्यात पुढची रिंग आपोआप दिसली पाहिजे. मान वाकवून शोधावी लागली तर चीकपीस किंवा बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) बदला. तेवढं समायोजन उरलंच नसेल तर ती रायफल तिची नाही. डावं कोपर बरगडीखाली, कमरेच्या हाडावर टेकतं का तेही पाहा. उंची कमी पडली तर पुढच्या दस्त्याखाली ठोकळा लावता येतो, त्याची उंची नियमात बसते का तेवढं बघून.

पुढची रिंग सुरुवातीला मोठी ठेवा, ४ मि.मी.च्या आसपास. बारीक रिंगमध्ये रायफल जास्त हलते असं भासतं, मग मूल "आत्ता बरोबर आहे, आत्ता" करत ट्रिगर झटकतं.

आणि जॅकेट. वापरलेलं स्वस्तात मिळतं म्हणून दोन नंबर मोठं घेऊ नका. सैल जॅकेट पाठीला आधार देत नाही, उलट रायफल बटणांवर घसरते.

धागाकर्ता

आभार. दोन शंका. एआर२० घेतली तर दुसरा सिलिंडर लगेच घ्यावा का? आणि हातपंप चालेल?

प्रतिसाद २

दुसरा सिलिंडर आत्ता नको. एका भरण्यात पूर्ण स्पर्धा आणि सराव आरामात होतो, आणि कपाटात पडलेल्या सिलिंडरचीही मुदत सरतेच. प्रवासाच्या स्पर्धा सुरू झाल्या की घ्या.

हातपंप चालतो, पण दमट हवेत पाणी आत जातं. ओलावा टिपणारा फिल्टर लावा आणि मध्ये थांबत थांबत भरा, पंप तापू देऊ नका. क्लबमध्ये टाकी असेल तर अडॅप्टर घेणं सोपं. टाकीची झडप २०० बारची आहे की ३०० बारची, हे आधी विचारा. २०० चा अडॅप्टर ३०० च्या झडपेवर लागत नाही.